गंगाळाचा हर्रास

...आन् वरून बाजारातलं पोट्टं मलेच इचारते, "दादा, तुमी तं हर्रासाचे मास्तर, तुमच्या हातून माल सुटला कसा?" आता याले काय सांगू? सुटला नाही रे बापा, सुटलाच नाही! पन सांगता येत नाही ना. तुमाले म्हनून सांगतो, तुमी बाहेरगावचे, तुमच्यापासून दिग्रसले बातमी जानार नाही... जानार नाही ना? मंग बसा. थो पंखा इकडं करा जरा.

मी सदाशिव. दिग्रसच्या बाजारात उभं आयुष्य हर्रास बोलत आलो. हर्रास म्हंजे तुमच्याकडं ज्याले लिलाव म्हन्ते थो. सोयाबीन म्हना, तूर म्हना, ढिगापाशी उभं राहाचं, मूठभर माल हातात घ्याचा आन् बोंबलाचं. पन तुमाले सांगतो, बोंबलनं हे वरचं काम. खरं काम डोळ्याचं! व्यापारी बोलते तोंडानं, भाव ठरते चेहऱ्यावर. थो रामलाल हाय ना, दालमिलवाला, माल त्याले पाह्यजेच असला का कान खाजवते. पूनमसिंग जिनिंगवाला, त्याची हद्द आली का टोपी काढते आन् पुन्हा घालते. मी सारं पाहत राहतो. 'तीन' म्हनाच्या आधी जरासा दम घेतो, आन् तेवढ्या दमात मानूस आखीन एक पायरी चढते. हे कसब हाय, हे शिकवता येत नाही. आन् आता काय? आवाज नाही, ढीग नाही, दम नाही... एका डब्बीत आकडा हालते, त्याले म्हन्ते लिलाव. अरे, पन समोर तोंड तं दिसू दे मानसाचं!

झालं काय, आमच्या घरचीचं, म्हंजे विमलचं, एक गंगाळ होतं. पितळी, दोन कड्याचं, न्हानीत पानी काढाचं गंगाळ. लग्नात तिच्या बापानं आंदन देल्लं. काठावर टिंबाटिंबानं नाव ठोकेल, 'चि. सौ. कां. विमल हिस'. दर सनाले चिंच लावून घासे ती. आमची सुरभी लहान होती तवा त्यातच बसून न्हाये, उठाचं नाव नाही. तं मागच्या दिवाळीत विमल गेलती फुलसावंगीले, भाचीच्या बाळंतपनासाठी. आन् घर सांभाळाले कोन? मथुराबाई! मथुराबाई म्हंजे माह्या भावाची बायको, विमलची जाऊ. मनानं वाईट नाही हो बाई, पन घर आवराची लय हौस. विमल परत आली तं मथुराबाई दारातच, गोड आवाजात, "अवो, ते कोपऱ्यात पडून होतं गंगाळ, कोन न्हाते आता त्यात, म्हनलं मोडीत देऊन टाकू. आन् पाहा ना, कसा झकास नॉनस्टिकचा सेट भेटला!"

विमल भांडली नाही. भांडली असती तं बरं होतं हो. बायको भांडली का मानसाले कळते आपन कुठी हावो. त्या नॉनस्टिकच्या तव्यावर तिनं आजपावतो एक पोळी टाकली नाही. मी भांड्यावाल्याकडं गेलतो, तं थो म्हने माल पुढं गेला, कुठी गेला मले काय ठाऊक. मले लय वाईट वाटलं. या बाईनं माह्याकडं कधी साडी मांगतली नाही, पाटल्या मांगतल्या नाही.

मंग सुरभीचं लग्न जमलं. पोट्टी पुन्याले हाय, कंपनीत. लग्नाची बोलनी झाली, तवा विमल भाजी निवडता निवडता एवढंच म्हने, "पोरीचं हळदीचं पानी त्याच गंगाळात काढलं असतं." बस. पुन्हा भाजी निवडाले लागली.

आन् पंधरा दिवसानं सुरभीचा फोन, तोंडं दिसते तसला. "आई, बाबा, हे बघा! आपलं गंगाळ!" पाहतो तं काय, कोनत्या तरी लिलावाच्या साइटवर, जयपूरकडच्या कोन्या विकनाऱ्यानं टाकेल. नाव काय देल्लं त्याले? 'पुरातन भारतीय उर्ली, फुले तरंगवण्यासाठी'! त्यात पानी, पान्यावर गुलाबाच्या पाकळ्या, आन् मधात मेनबत्त्या पेटवेल. आमच्या न्हानीतल्या गंगाळात मेनबत्त्या! आन् काठावर साफ दिसून राह्यलं, 'विमल हिस'. विमलनं मोबाइलच्या काचेवर बोट ठेवलं, त्या नावावर. मंग म्हने, "राहू द्या. गेलं ते गेलं." आन् अंदर गेली.

आता बायको 'राहू द्या' म्हन्ते तवा त्याचा अर्थ काय होते, हे ज्याचं लग्न झालं त्याले सांगा लागत नाही. मी पोरीले म्हनलं, हे मीच आननार, आन् तुह्या मायले बोलू नोको, हळदीच्या दिवशी एकदम समोर ठेवतो. आन् लगेच इचारलं, बोली कुठी लावाची सांग, आत्ता लावतो! तं पोट्टी मलेच शिकवते, "बाबा, आत्ता नाही लावायची. आत्ता लावली की लोकांना कळतं आणि भाव चढतो. टूल लावायचं. ते शेवटच्या सेकंदाला आपोआप बोली लावतं. तुम्ही फक्त जास्तीत जास्त किती ते सांगून ठेवायचं." मी म्हनलं, मंग मी काय करू? "तुम्ही काहीच करायचं नाही, बाबा."

काहीच करायचं नाही! ज्यानं आयुष्यभर बाजार गाजवला त्याले म्हन्ते, चूप बसा! आन् शेवटच्या सेकंदाले? आमच्याकडं शेवटच्या सेकंदाले कोनी बोलला ना, तं मी पुन्हा 'एक'पासून धरतो. म्हनूनच तं मजा हाय! इथं लपून बसाचं, मांजरावानी, आन् घड्याळ मेलं का झडप घालाची. ही काय मर्दुमकी झाली? मी म्हनलं, अरे, पन समोर तोंड तं दिसू दे मानसाचं! तं म्हने, "बाबा, तोंड नसतंच तिकडे."

बरं, टूल लावाले गेलो इंद्रजितकडं. बसस्टँडपाशी दुकान हाय त्याचं, झेरॉक्स, रिचार्ज, फारम भरनं, सारंच करते. थो म्हने, "दादा, काम पक्कं. लाइट गेली तरी चालते, तुमी झोपून राह्यले तरी चालते. हद्द सांगा." आता हद्द म्हंजे कठीन काम. छाती ठोकून सांगितली. केवढी? तुमाले सांगतो, तेवढ्यात एक दुभती म्हैस दावनीले बांधता आली असती! पितळेच्या गंगाळासाठी म्हैस! इंद्रजितनं माह्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. तवाच मले समजाले पाह्यजे होतं, पन मी आपला म्हशीच्या तोऱ्यात.

आन् आता आयका, मी काय केलं ते. हे दुसऱ्या कोनी केलं नसतं, हे हर्रासवालाच करू शकते. आमच्या बाजारात एक रीत हाय. कोन्या मानसाच्या घरची वस्तू हर्रासाले आली, बापाचा तराजू म्हना, आजाची बैलाची दमनी म्हना, तं थो मानूस आदल्या दिवशी बाजारात पान फिरवते. लावलेलं पान. दुकानादुकानात जाते, "भाऊ, हे घरचं हाय." ज्यानं पान घेतलं त्यानं दुसऱ्या दिवशी तोंड उघडाचं नाही. कागद नाही, सही नाही, आन् आजपावतो कोनी रीत मोडली नाही! मी म्हनलं, मशीन गेलं खड्ड्यात, आपन आपल्या रीतीनं जाऊ. पानं लावून घेतली आन् निंघालो. रामलालले पान देल्लं, पूनमसिंगले देल्लं, दोघा अडत्यायले देल्लं, भावाच्या घरी गेलो तं मथुराबाईनंही खाल्लं आन् डोळे पुसले. साऱ्यायले मोबाइलवर गंगाळ दाखवलं, गोष्ट सांगतली, "भाऊ, घरचं हाय, बोली नोका लावू."

हसता कायले? समजलं ना तुमाले? मले नाही समजलं! अरे, त्या जयपूरच्या गंगाळाची या मानसायले खबर कोनी देली? मी! सात जन्मात यायच्यापैकी एकानं तरी त्या साइटचं तोंड पाह्यलं असतं का?

आठवडाभर भाव हालला नाही. कोन्या एकाची बोली पडेल होती, भंगाराच्या भावानं. मी रोज पाहो आन् मनात म्हनो, पाहा, पानाचा गुन! रविवार आला, बाजार बंद. दुपारी जेवनं झाली. मी ओसरीत खुर्चीवर, मोबाइल मांडीवर. विमल अंदर सैपाकघरात, दुपारचीच कनीक मळून राह्यली. आता जेवन झाल्यावर कोन कनीक मळते, हे माह्या ध्यानात आलं पाह्यजे होतं का नाही? नाही आलं. मी आकड्यात. मिनिट राह्यलं. अर्धं राह्यलं. भाव तिथंच, भंगारात! हात शिवशिवून राह्यले, तोंडात 'एक बार' आलतं, असं वाटे उठावं आन् बोंबलावं. पन काहीच करायचं नाही! दहा... पाच... दोन... आन् त्या शेवटच्या सेकंदात, तुमाले सांगतो, आकडा असा उडाला, असा उडाला, भंगारावरून बकरीवर, बकरीवरून गोऱ्ह्यावर, आन् एकदम म्हशीवर, म्हशीच्याही वर! आन् बंद. खाली लिहून आलं, 'आपली बोली अपुरी ठरली.'

मी वरडलो, "गेलं!"

आन् अंदरून आवाज आला, "आलं!"

आता पाहा. मी ओसरीत कपाळाले हात लावून, आन् ती सैपाकघरातून बाहेर, दोन्ही हात पिठाचे, तोंडावर अशी खुशी का लग्नातल्या फोटोतही नाही. मले म्हने, "काय गेलं?"

"तुहं गंगाळ गेलं."

"गेलं कुठी? आलं ना."

मी तिच्याकडं पाहतो, ती माह्याकडं पाहते. तिचा मोबाइल पिठाच्या डब्याले टेकवून ठेवेल. त्यावर फुलं उधळून राह्यली, 'अभिनंदन!' तं आमच्या विमलबाईनंही टूल लावलतं. इंद्रजितकडंच! बचतगटातून पैसे उचलले, मले सांगतलं नाही, का मी कटकट करीन. आन् मी तिले सांगतलं नाही, का तिले आश्चर्य व्हावं. एका घरात, एका भिंतीच्या इकडं-तिकडं, नवरा-बायको एका गंगाळासाठी लढून राह्यले! अरे, पन समोर तोंड तं दिसू दे मानसाचं... भिंतीपलीकडं तं होतं हो तोंड! आख्ख्या बाजारात पान फिरवलं, घरात फिरवाचं राहून गेलं.

बरं, मी हिशोब इचारला इंद्रजितले. तं या यंत्राचा नियम असा, का जिंकनाऱ्याले भाव पडते दोन नंबरच्या हद्दीच्या जरासा वर. आन् दोन नंबर कोन? मी! म्हंजे मी हरलो बायकोकून, आन् बायकोले गंगाळ महाग पडलं माह्यापायी. मी इचारलं तिले, म्हनलं, तुले कसं समजलं केवढी हद्द टाकाची? तं हात धुता धुता, अगदी साधं बोलली, "तुमी लावली असती तं केवढी, हे मले ठाऊक नाही का? एवढी वर्सं झाली. तुमी जीव मोठा केला का म्हशीवर जाऊन थांबता. मी म्हशीसंगं तिची वगारही धरून टाकली."

साऱ्या बाजाराच्या हद्दी मी चेहऱ्यावरून वाचतो, आन् माही हद्द ही कनकीचे हात धुता धुता सांगते. पन खरं सांगू? बरंही वाटलं, आन् लागलंही. का हिले वाटलं, नवरा म्हशीपुढं जानार नाही. आन् गेलोच नव्हतो ना मी.

मंग इंद्रजितले धरलं. म्हनलं, मधात बकरी कोनाची, गोऱ्हा कोनाचा? तं म्हने, "दादा, सात जनायचं लावलतं मी. तुमचं, वहिनीचं, आन् बाकी पाच." पाच कोन? तेच! ज्यायनं पान खाल्लं! "अन् मले काहून नाही सांगतलं बे?" तं कसा बोलते, डॉक्टरवानी, "दुकानदारीत एकाचं दुसऱ्याले सांगत नसते, दादा."

तेवढ्यात फोन सुरू. पयला रामलाल. रडकुंडीले आलेला. "दादा, माफी द्या. म्हनलं तुमची बोली कमी पडली तं आपन घेऊ, हळदीले नेऊन देऊ. जमलं नाही." मी म्हनलं, अन् पान खाल्लतं ना? तं म्हने, "दादा, म्या तोंड कुठी उघडलं? मशीन बोललं!" घ्या! मंग अडत्ये, त्यायचंही तेच. मंग मथुराबाई, "भाऊजी, म्याच घालवलं, म्हनलं म्याच आनून देतो," आन् हुंदके. पाच मानसं, पाची जनायनं जीव लावून बोली लावली, का सदाशिवदादाची लाज राहावी, आन् मिळून भंगाराचा भाव नेला गोऱ्ह्यावर! दुश्मनानं लावली असती तं भांडता आलं असतं हो. मायेनं लावली, आता कोनाशी भांडू?

आन् मंग पूनमसिंग. त्याचा आवाज असा का फोन स्पीकरवर नसला तरी स्पीकरवरच राहते, आन् विमल माह्या बाजूले बसेल. "दादा, कोन हाय थो हरामखोर? आखरी सेकंद में गरिबाच्या पोरीचं आंदन हानते! बायकापोरं नसतीन का त्याले? देवाची कसम, दादा, त्याच्या गंगाळात पानी टिकनार नाही, भोक पडन भोक!" मी हो हो करून राह्यलो. विमल पदर तोंडात धरून. हसते का रडते मले समजेना. थो थांबते कुठी! "मी शोधून काढतो त्याले, तुमी काळजी नोका करू." मी म्हनलं, नोको शोधू रे बापा, जाऊ दे! तं म्हने, "तुमचा स्वभावच लय भोळा, दादा."

फोन ठेवला. मी म्हनलं, सांगून टाकू काय साऱ्यायले? तं विमल म्हने, "नोका सांगू. शिव्या मले बसल्या हे कळलं तं पूनमभाऊ तोंड दाखवनार नाही लग्नात. ज्यानं जीव लावला त्याले कायले लाजवाचं?" झालं. तवापासून मी साऱ्या दिग्रसमधी हुकलेला हर्रासवाला. पोट्टे तोंडावर इचारते, मास्तर, हुकलं कसं? आन् मी मान खाली घालून ढिगापाशी उभा.

गंगाळ आलं. खोक्यात, भुसा भरून. विमलनं नाव पाह्यलं, हात फिरवला, आन् गोधडीत गुंडाळून पलंगाखाली ढकललं. आपल्याच पैशाचं, आपल्याच नावाचं गंगाळ, आन् चोरीच्या मालावानी पलंगाखाली! हळदीच्या दिवशी न्हानीचं दार लावून घेतलं, अंदर मायलेकी, कडीले मी पहाऱ्यावर. पान्याचा आवाज येऊन राह्यला, दोघी हसून राह्यल्या, मंग हसनं थांबलं आन् नाकं सुडसुड कराले लागल्या. मी भिंतीकडं तोंड करून उभा. काय करनार?

आन् बाहेर मांडवात आवाज, "दादा कुठी हाय? दादाले बोलवा!" जातो तं रामलाल उभा, हातात कपड्यानं झाकलेलं काहीतरी मोठं. कपडा काढला. गंगाळ! नवं कोरं, पितळी, दोन कड्याचं. "पुरानं नाही आनू शकलो, दादा, नवं तरी घ्या." मी गळ्यात पडलो त्याच्या. मांगून पूनमसिंग, त्याचं सगळ्यात मोठं, दोघायनं उचलून आनलेलं. मंग अडत्ये, एकेक घेऊन. मंग मथुराबाई, डोळे पुसत, डोक्यावर गंगाळ. मांडवात पाच गंगाळं लायनीनं, आन् पाची जन माह्याकडं पाहून राह्यले, का दादाले खुशी झाली का नाही. मी हसलो. नाही हसून काय करता?

सुरभीले म्हनलं, ने माय, तुहंच आंदन हाय. तं म्हने, "बाबा, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, ठेवू कुठे? आणि तिथे शॉवर आहे." गेली. गंगाळं इथंच. विमल साऱ्यायले चिंच लावून घासते, सारखी, हो, दुजाभाव नाही. ओळीनं मांडून ठेवते आन् मले बजावते, हात लावू नोका, पान्याचे डाग पडते. एक जुनं पलंगाखाली, पाच नवी फळीवर. घरात सहा गंगाळं हायेत, आन् तुमाले सांगतो, मी रोज सकाळी प्लास्टिकच्या बादलीतून न्हातो.